वाचकांचे प्रश्न : शांबों गावाचा आसरा आणि त्याची आठवण

मागील अंकात दुसऱ्या महायुद्धातील मुलांविषयी जो लेख आला होता, त्यात ल शांबों-स्यूर-लिन्यों या फ्रेंच गावाचा उल्लेख जेमतेम दोन वाक्यांत होता : या गावाने ज्यू मुलांना लपवले आणि कोणीही तोंड उघडले नाही. तेवढ्याने वाचकांचे समाधान झाले नाही, हे योग्यच झाले. आलेल्या पत्रांतील सारखे प्रश्न एकत्र करून त्यांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : इतर असंख्य गावांनी डोळे मिटून घेतले असताना याच गावाने दार का उघडले? अख्खे गाव एका विचाराने उभे राहणे खरोखर शक्य आहे का?

ल शांबों हे दक्षिण-मध्य फ्रान्समधील ओत-ल्वार विभागात, समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार मीटर उंचीच्या पठारावर वसलेले गाव आहे. हिवाळ्यात येथे कडाक्याचा बर्फ पडतो आणि गावाभोवतीची शेतघरे एकमेकांपासून लांब, रानाच्या कडेने विखुरलेली आहेत. लपण्यासाठी ही जागा सोयीची होती हे उघड आहे. परंतु फ्रान्समध्ये डोंगराळ मुलूख पुष्कळ आहे, त्यामुळे एवढ्या कारणावर थांबता येत नाही.

दुसरे कारण इतिहासात आहे. फ्रान्स हा बहुसंख्य कॅथलिकांचा देश असला, तरी या पठारावर प्रोटेस्टंटांची, म्हणजे ह्यूगनो लोकांची, दाट वस्ती आहे. चौदाव्या लुईने १६८५ मध्ये नांतचे फर्मान रद्द करून त्यांचा उपासनेचा हक्क काढून घेतला आणि त्यानंतर शंभर वर्षे या लोकांचे पूर्वज रानावनात चोरून प्रार्थना करत राहिले. पाद्री सापडला तर त्याला फाशी होत असे, पुरुषांना राजाच्या गलबतांवर वल्ही मारायला धाडले जाई आणि बायकांना तुरुंगात डांबले जाई. सरकारी शिपाई दाराशी आले असता घरातील पाहुण्याविषयी काय बोलायचे आणि काय बोलायचे नाही, याची शिकवण या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. शिवाय या घरांत बायबलचा जुना करार नित्य वाचला जात असल्यामुळे ज्यू लोक त्यांना परके वाटत नसत.

तिसरे कारण फारसे कोणी सांगत नाही, पण मला ते तितकेच महत्त्वाचे वाटते. १८९३ पासून लुई कोंत नावाच्या पाद्र्याच्या पुढाकाराने सेंत-एत्येन या कोळशाच्या आणि पोलादाच्या शहरातील कामगारांची अशक्त मुले उन्हाळ्यात या पठारावर हवापालटासाठी पाठवली जात. शेतकरी कुटुंबे त्यांना आपल्या घरी ठेवून घेत आणि त्यासाठी त्यांना थोडेफार पैसेही मिळत. पुढे गावात खानावळी, विश्रामगृहे आणि मुलांची वसतिगृहे निघाली. त्यामुळे १९४१ मध्ये परक्या बोलीचे, परक्या तोंडवळ्याचे मूल एखाद्या शेतघरात दिसू लागले, तरी शेजाऱ्याला त्यात काही नवल वाटण्याचे कारण नव्हते. मुले सांभाळणे हा या गावाचा जवळजवळ पन्नास वर्षांचा परिपाठ होता.

या तिन्ही गोष्टी तयार असल्या तरी त्यांना वाचा फोडणारे कोणी हवे होते. फ्रान्सने जर्मनीशी युद्धबंदीचा करार केला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २३ जून १९४० रोजी, गावचे पाद्री आंद्रे त्रोक्मे आणि त्यांचे सहकारी एदुआर तेइस यांनी चर्चमधून जाहीर केले की, आपल्या सदसद्विवेकावर जी जबरदस्ती होईल तिचा प्रतिकार आत्म्याच्या शस्त्रांनी करणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे. दोघेही अहिंसावादी होते. देश हरून हतबल झालेला असताना, आणि जर्मनीशी जुळवून घेणाऱ्या नव्या फ्रेंच सरकारचे प्रमुख मार्शल पेतँ यांच्या पाठीशी बहुतेक फ्रान्स उभा राहत असताना, हे उघडपणे बोलणे सोपे नव्हते. अख्खे गाव एकदिलाचे होते असे म्हणणे मात्र धाडसाचे होईल. पहिल्या हिवाळ्यात एक जर्मन ज्यू स्त्री बर्फातून चालत त्रोक्मे यांच्या दाराशी आली, तेव्हा त्यांच्या पत्नी माग्दा यांनी तिला घरात घेतले आणि तिच्यासाठी कागदपत्रे मागायला त्या नगरप्रमुखाकडे गेल्या. पण त्याने गावावर संकट नको म्हणून साफ नकार दिला. विरोध करणारे, घाबरणारे आणि गप्प बसणारे लोक तेथेही होते. विशेष हे की, न पटणाऱ्यांपैकी बहुतेकांनी चुगली केली नाही.

प्रश्न : मुले तेथपर्यंत पोहोचत कशी? आणि एवढ्या मुलांचे खाणेपिणे, शाळा, कागदपत्रे हे सारे चार वर्षे कसे निभावले? आमच्या डोळ्यांसमोर तर तळघरात लपलेले मूल येते.

तळघराचे चित्र शांबोंच्या बाबतीत बाजूला ठेवावे लागेल. येथील बहुतेक मुले दिवसाढवळ्या शाळेत जात, स्काउटच्या पथकात असत, हिवाळ्यात उतारावर घसरगाड्या खेळत. त्यांना माणसांपासून लपवण्याऐवजी माणसांमध्ये मिसळून टाकले गेले होते, आणि लपण्याची वेळ मोजक्या दिवशी येई.

पेतँ यांच्या सरकारने, म्हणजे व्हिशी शहरातून कारभार करणाऱ्या व्हिशी सरकारने, ३ ऑक्टोबर १९४० रोजी ज्यूंविरोधी कायदा केला आणि दुसऱ्याच दिवशी परदेशी ज्यूंना छावण्यांत डांबण्याची मुभा अधिकाऱ्यांना दिली. त्याच महिन्यात जर्मनीच्या बाडेन आणि आसपासच्या भागातून सहा हजारांहून अधिक ज्यूंना गाड्यांत भरून दक्षिण फ्रान्समधील ग्यूर्स छावणीत आणून टाकण्यात आले. ग्यूर्स आणि रिव्हसाल्त येथील चिखल, उपासमार आणि रोगराई यांत मुले हकनाक मरू लागली. क्वेकर हा शांततावादी ख्रिस्ती पंथ, स्विस बालसहाय्य संस्था, सिमाद ही प्रोटेस्टंट तरुणांची संघटना आणि ज्यूंची बालकल्याण संस्था ओ.एस.ई. यांचे कार्यकर्ते या छावण्यांत काम करत होते. अधिकाऱ्यांशी बोलून काही मुलांना बाहेर काढता येत होते, पण ठेवायचे कोठे हा प्रश्न होता. त्रोक्मे मार्सेय येथे क्वेकरांचे प्रतिनिधी बर्न्स चामर्स यांना भेटले, तेव्हा छावणीत जाऊन सेवा करण्याची त्यांची इच्छा होती. चामर्स यांनी त्यांना सांगितले की, छावणीत काम करायला माणसे आहेत. या मुलांना ठेवून घेणारे गाव मात्र नाही. त्या भेटीतून पुढचे सारे काम उभे राहिले.

मुलाला सोडवण्यासाठी आईवडिलांची संमती लागे. छावणीतील आई आपल्या मुलाला अनोळखी माणसाच्या हाती देऊन कागदावर सही करत होती, आणि ही भेट शेवटची ठरेल हे तिला बहुधा कळत असावे. शांबोंला वाचलेल्या कित्येक मुलांना युद्धानंतर आईबाप परत मिळाले नाहीत. गावाच्या चांगुलपणाची गोष्ट सांगताना ही सही विसरली जाते, म्हणून मुद्दाम लिहीत आहे.

१९४१ च्या मे महिन्यात स्विस बालसहाय्य संस्थेने ला गेस्पी नावाचे पहिले बालगृह उघडले आणि त्यापाठोपाठ लाब्रिक व फैदोली ही घरे सुरू झाली. त्यांची जबाबदारी आउगुस्ट बोनी या तरुण स्विस शिक्षकाकडे होती. याशिवाय खानावळी चालवणाऱ्या स्त्रियांनी आपापल्या घरात पाच-दहा मुले घेतली आणि शेतकऱ्यांनी एक-दोन. तेइस यांनी १९३८ मध्ये गावात एक नवी माध्यमिक शाळा सुरू केली होती. युद्धापूर्वी तिच्यात मोजके विद्यार्थी होते. युद्ध संपेपर्यंत त्यांची संख्या काही शेकड्यांवर गेली. व्हिशी सरकारने नोकरीवरून काढलेले ज्यू प्राध्यापक तेथे शिकवू लागल्यामुळे या डोंगरी शाळेला विद्यापीठाच्या तोडीचे शिक्षक मिळाले.

कागदपत्रांची गोष्ट अधिक बारकाईने सांगण्यासारखी आहे. सुरुवातीला मुले स्वतःच्याच नावाने राहत होती, कारण ती रीतसर परवानगी घेऊन आली होती. १९४२ च्या उन्हाळ्यानंतर, आणि विशेषतः त्या वर्षीच्या ११ नोव्हेंबरला जर्मन सैन्याने तोवर व्हिशी सरकारच्या हाती असलेला दक्षिण फ्रान्सही व्यापल्यानंतर, खरे नाव हाच धोका झाला. नवे नाव घेताना ते शक्यतो जुन्या आद्याक्षरांचे घ्यावे, म्हणजे कपड्यांवरील खुणा जुळतात. जन्मगाव असे निवडावे की जेथील दप्तर बॉम्बहल्ल्यात जळाले आहे किंवा जे चौकशीच्या आवाक्याबाहेर, उदाहरणार्थ अल्जीरियात, आहे. आणि ज्या मुलाच्या फ्रेंच बोलण्यात जर्मन हेल आहे त्याला आल्सास या जर्मन वळणाची बोली असलेल्या फ्रेंच प्रांताचा म्हणावे. फ्रान्सभर मुले लपवणारे लोक हीच काळजी घेत असत. शांबोंमध्ये हे काम करणाऱ्यांत ऑस्कर रोझोव्स्की हा स्वतः ज्यू असलेला कोवळा तरुण होता. वैद्यकीय शिक्षण घेण्याची त्याची वाट नव्या कायद्यांनी बंद केली होती. तो शेतघरात बसून शिक्के कोरी, ओळखपत्रे बनवी, आणि ते सामान मधमाश्यांच्या पेट्यांत दडवून ठेवी. एक ओळखपत्र बनवून भागत नसे, कारण शिधापत्रिकेशिवाय पाव मिळत नसे आणि तिची कूपने ठरावीक काळाने नव्याने मिळवावी लागत. वाढत्या वयाच्या मुलांची भूक तर कूपनात मावणारी नव्हतीच. ती उणीव पठारावरील शेतकऱ्यांच्या बटाट्यांनी आणि दुधाने भरून निघाली.

ऑगस्ट १९४२ च्या अखेरीस फ्रेंच पोलीस गाड्या घेऊन गावात आले आणि त्यांनी त्रोक्मे यांच्याकडे ज्यूंची यादी मागितली. त्यांनी ती दिली नाही. बालगृहात आलेल्या पोलिसांना बोनी यांनी सांगितले की, हे घर स्विस संरक्षणाखाली आहे आणि येथे शिरता येणार नाही. पोलीस वरिष्ठांना विचारायला परत गेले आणि तेवढ्या वेळात मुले शेतघरांकडे व रानात पांगली. सुमारे तीन आठवडे शोध चालला, पण हाती जवळजवळ काहीच लागले नाही. पुढील छाप्यांच्या वेळी पाद्र्याच्या घरी कोणीतरी नाव न सांगता फोन करून आगाऊ सूचना देत असे. पोलीस निघून गेल्यावर गावातील माणसे रानात जाऊन ठरलेले गाणे म्हणत, आणि ते ऐकून मुले बाहेर येत.

प्रश्न : हे सारे श्रेय त्रोक्मे पतिपत्नींचे मानावे का?

त्यांचे श्रेय मोठे आहे, पण ते एकट्याचे नाही, आणि तसे मानणे त्यांना स्वतःलाही रुचले नसते. १३ फेब्रुवारी १९४३ रोजी त्रोक्मे, तेइस आणि शाळामास्तर रोझे दार्सिसाक या तिघांना अटक करून लिमोजजवळच्या छावणीत ठेवण्यात आले. मार्शलच्या आज्ञा पाळीन अशा लेखी हमीवर सही करायला दोन्ही पाद्र्यांनी नकार दिला, तरीही महिनाभराने त्यांची सुटका झाली. त्याच वर्षी पुढे जिवाला धोका वाढल्यामुळे दोघेही गाव सोडून अज्ञातवासात गेले आणि जर्मनांपासून फ्रान्सची मुक्तता झाली त्या सुमारास परतले. म्हणजे सर्वांत कठीण काळात पाद्री गावात नव्हते आणि तरीही काम थांबले नाही. मला वाटते, श्रेयाच्या प्रश्नाचे याहून स्पष्ट उत्तर मिळणार नाही.

माग्दा यांनी नंतर सांगितले की, आमची एखादी संघटना असती तर आम्ही फसलो असतो; प्रत्येकजण आपल्या दाराशी आलेल्या माणसापुरता निर्णय घेत होता. शेजारच्या घरात कोण आहे हे ठाऊक असूनही विचारायचे नाही, हाच नियम होता. माजी नगरप्रमुख शार्ल गियों यांनी १९४० मध्ये पद सोडले आणि जिनिव्हात राहून ते पैशांची सोय करत होते. मिरेय फिलिप आणि सिमादचे तरुण कार्यकर्ते मोठ्या मुलांना आणि प्रौढांना सीमेपर्यंत नेऊन स्वित्झर्लंडमध्ये पोहोचवत होते. डॉक्टर रोझे ल फोरेस्तिए आजाऱ्यांना तपासत होते. पकडलेल्या दोन तरुणांसाठी रदबदली करायला ते ल प्वी शहरात गेले असता त्यांनाच अटक झाली आणि २० ऑगस्ट १९४४ रोजी, मुक्तता अवघ्या काही दिवसांवर आली असताना, ल्योंजवळ सँ-झनी-लाव्हाल येथे त्यांना इतर कैद्यांबरोबर ठार मारण्यात आले. शेजारच्या ल माझे-सँ-व्हुआ, ताँस, फे-स्यूर-लिन्यों अशा गावांनी आणि तेथील कॅथलिक कुटुंबांनीही मुले सांभाळली.

प्रश्न : एकही मूल सापडले नाही, हे खरे आहे का?

नाही. २९ जून १९४३ रोजी जर्मन पोलिसांनी गावाबाहेरील मेझों दे रोश या तरुण विद्यार्थ्यांच्या वसतिगृहावर छापा घातला आणि अठरा विद्यार्थ्यांना पकडून नेले. त्यांपैकी पाच जण ज्यू असल्याचे ठरवून त्यांना आउश्विट्झच्या मृत्युछावणीत धाडण्यात आले आणि तेथे त्यांचा अंत झाला. वसतिगृहाचे प्रमुख दानिएल त्रोक्मे हे आंद्रे यांचे चुलत घराण्यातील तरुण नातेवाईक होते. छाप्याच्या वेळी ते लहान मुलांच्या दुसऱ्या घरी होते आणि पळून जाणे त्यांना शक्य होते, पण ते आपल्या विद्यार्थ्यांजवळ गेले. एप्रिल १९४४ मध्ये मायदानेक येथील नाझी छावणीत त्यांचा मृत्यू झाला.

त्या सकाळी एका स्पॅनिश विद्यार्थ्याची सुटका झाली. काही दिवसांपूर्वी त्याने लिन्यों नदीत बुडणाऱ्या एका जर्मन सैनिकाला वाचवले होते. आजारातून उठणारे जर्मन सैनिक गावातल्याच हॉटेलात राहत असत, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. माग्दा यांनी हॉटेलात जाऊन सैनिकांना साक्षीला आणले आणि तो मुलगा सुटला. बाकीच्यांसाठी त्यांना काहीही करता आले नाही.

प्रश्न : कोठे पाच हजार, कोठे अडीच हजार, कोठे एक हजार असे आकडे वाचले. खरा आकडा कोणता?

अमेरिकेतील होलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) स्मृतिसंग्रहालय संपूर्ण पठाराचा अंदाज पाच हजार आश्रितांचा देते आणि त्यांपैकी तीन ते साडेतीन हजार ज्यू होते असे मानते. अनेक इतिहासकारांना हा आकडा फुगलेला वाटतो. कोणी दोन रात्री राहून सीमेकडे गेला, कोणी चार वर्षे राहिला. दोघांनाही एकाच रकान्यात मोजावे की नाही, यावर बेरीज बदलते. शिवाय जे काम कागदावर उतरू नये म्हणून सर्वांनी जपले, त्याची नोंदवही मिळण्याची अपेक्षा धरणेच चुकीचे आहे. आकडा लहान निघाला म्हणून कामाची किंमत कमी होत नाही, आणि मोठा करून सांगितल्याने वाढतही नाही. उलट, होलोकॉस्ट नाकारणाऱ्यांच्या हाती आपण आयते कोलीत देतो. म्हणून बोलताना संपूर्ण पठार म्हणावे आणि अंदाज हा शब्द गाळू नये.

प्रश्न : गावकऱ्यांचा गौरव इतक्या उशिरा का झाला? आज तेथे ही आठवण कशी जपली जाते?

युद्धानंतरच्या फ्रान्सला शस्त्र हाती घेतलेल्या प्रतिकाराचा अभिमान होता, आणि बायकांनी शिजवलेल्या जेवणाची किंवा मास्तरांनी पटावर लिहिलेल्या खोट्या नावाची गणती त्यात होत नव्हती. दुसरी अडचण अधिक टोचणारी होती. शांबोंची गोष्ट सांगायची, तर मुले कोणापासून वाचवली हेही सांगावे लागते, आणि ऑगस्ट १९४२ मध्ये गावात शिरलेले पोलीस फ्रेंच होते. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी, झाक शिराक यांनी, ज्यूंच्या हद्दपारीत फ्रेंच राज्यसंस्थेचा वाटा असल्याचे जाहीरपणे मान्य केले ते १९९५ च्या जुलै महिन्यात. तेच शिराक ८ जुलै २००४ रोजी शांबोंला गेले आणि असहिष्णुतेविरुद्ध तेथून देशाशी बोलले. खुद्द गावकरीही बोलायला तयार नसत. विचारले तर, त्यात सांगण्यासारखे काय आहे, असे उत्तर मिळे.

आठवणीची सुरुवात वाचलेल्यांनी केली. १९७९ मध्ये पूर्वीच्या आश्रितांनी चर्चसमोर एक स्मृतिफलक बसवला. जेरुसलेमच्या याद वाशेम या होलोकॉस्ट स्मृतिसंस्थेने १९७१ मध्ये आंद्रे त्रोक्मे यांना आणि पुढे दानिएल, माग्दा व इतर अनेकांना 'राष्ट्रांमधील सत्पुरुष' हा, ज्यूंना वाचवणाऱ्या बिगर-ज्यूंसाठीचा, सन्मान दिला. १९९० मध्ये तिने ल शांबों आणि आसपासच्या गावांच्या रहिवाशांना मिळून मानपत्र दिले. हा सन्मान व्यक्तीला देण्याचा रिवाज असताना संपूर्ण वस्तीला मानपत्र मिळणे दुर्मीळ आहे. नेदरलँड्समधील न्यूलांडे हे असे दुसरे गाव.

मानपत्रातील 'आसपासची गावे' हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण पठारावरील इतर गावांना आपले काम शांबोंच्या नावाखाली झाकले गेल्याचे दुःख फार वर्षे होते. पाद्री मोठे की शेतकरी, अहिंसेचा मार्ग मोठा की बंदूक घेतलेल्या तरुणांचा, जर्मन अधिकाऱ्यांपैकी कोणी जाणूनबुजून डोळेझाक केली का, यांवरही तेथे कडवट वाद झाले आहेत. मला हे वाद आठवणीला मारक वाटत नाहीत. ज्या आठवणीवर कोणी भांडत नाही, ती केवळ समारंभापुरती उरलेली असते.

२०१३ मध्ये गावात स्मृतिस्थळ नावाचे संग्रहालय उघडले. तेथे पाद्र्यांबरोबरच शिक्षक, खानावळवाल्या, डॉक्टर आणि शेतकरी यांची कामे मांडली आहेत आणि वाचलेल्या मुलांच्या ध्वनिचित्रित मुलाखती ऐकता येतात. लहानपणी आईवडिलांबरोबर व्हिएन्नाहून परागंदा होऊन १९४३ मध्ये येथे पोहोचलेले एक गृहस्थ २०२० च्या डिसेंबरमध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी वारले, तेव्हा त्यांनी आपली मोठी संपत्ती गावाला ठेवल्याचे उघड झाले. तो पैसा मुलांच्या शिक्षणासाठी वापरावा, अशी त्यांची इच्छा होती.

प्रश्न : मी शाळेत इतिहास शिकवते. ही गोष्ट आठवी-नववीच्या मुलांना सांगावीशी वाटते, पण अशी सुखान्त गोष्ट ऐकून त्यांना होलोकॉस्टची भीषणता कळणारच नाही, अशी शंका येते. काय करावे?

आपली शंका रास्त आहे. फ्रान्समधून सुमारे ७६ हजार ज्यूंना हद्दपार करण्यात आले, त्यांत सुमारे अकरा हजार मुले होती, आणि परत आलेल्यांची एकूण संख्या अडीच हजारांच्या आसपास आहे. हे आधी सांगितल्याशिवाय शांबोंची गोष्ट सुरू करू नये. तिच्याबरोबर इझिउ या गावाचे नाव जरूर घ्यावे. तेथील बालगृहही डोंगरात होते, तेथेही माया करणारी माणसे होती, आणि आसपासचे अधिकारीही मदत करत होते. ६ एप्रिल १९४४ रोजी ल्यों शहरातील गेस्टापोचा, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांचा, अधिकारी क्लाउस बार्बी याच्या हुकुमावरून तेथे छापा पडला आणि चव्वेचाळीस मुले व सात प्रौढ पकडले गेले. त्या मुलांपैकी एकही परत आले नाही. सावध आणि चांगली माणसे असूनही मुले वाचतीलच असे नव्हते, हे या दोन गावांची माहिती शेजारी ठेवली की मुलांना आपोआप उमगते.

वर्गात वाचायला एकच कागद निवडायचा असेल, तर मी शांबोंच्या विद्यार्थ्यांचे पत्र निवडीन. ऑगस्ट १९४२ मध्ये व्हिशी सरकारच्या युवक खात्याचे प्रमुख लामिरां गावात आले होते. त्याआधी जुलैत पॅरिसमध्ये फ्रेंच पोलिसांनी दोन दिवसांत सुमारे तेरा हजार ज्यूंना पकडले होते आणि त्यांत चार हजारांहून अधिक मुले होती. ती बातमी पठारापर्यंत पोहोचली होती. लामिरां यांच्यासाठी स्वागताचा थाट अपेक्षित असताना मोठ्या वर्गांतील काही विद्यार्थ्यांनी त्यांच्या हाती पत्र दिले. त्यात लिहिले होते की, पॅरिसमध्ये घडलेले भयंकर प्रसंग आम्हांला कळले आहेत. आमच्यात काही ज्यू आहेत हे आपणांस सांगणे आम्हांला आवश्यक वाटते. आम्ही ज्यू आणि बिगर-ज्यू असा भेद करत नाही. आमच्या सोबत्यांना हद्दपारीसाठी, किंवा नुसती नावे नोंदवण्यासाठीही, हुकूम आला तर ते तो मोडतील आणि आम्ही त्यांना होईल तितके लपवू.

पत्र वाचून झाल्यावर विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे की, लपवणार आहोत हे आधीच सरकारला लेखी कळवणे शहाणपणाचे होते का. दोन आठवड्यांनी पोलिसांच्या गाड्या गावात आल्या हेही त्यांना सांगावे, आणि मग वर्गाला मनसोक्त वाद घालू द्यावा. उत्तर आपण देऊ नये. त्या वेळी शांबोंमधील मोठ्या माणसांचेही यावर एकमत असण्याचे काही कारण नव्हते.